मुलीच्या तळहातांना थंडीतही घाम येतो, चित्रकलेचा कागद भिजतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी नववीत आहे, वय १४. तिच्या तळहातांना खूप घाम येतो. नुसते हात ओलसर होत नाहीत, बोटांच्या टोकांवर थेंब उभे राहतात आणि मनगटाकडे ओघळतात. तळपायांचंही तेच, शाळेतून आल्यावर मोजे पिळून घ्यावे इतके ओले असतात. आम्ही साताऱ्याला राहतो. डिसेंबरात सकाळी इथे चांगला गारठा असतो, तेव्हा स्वेटर घालून अभ्यासाला बसली तरी वहीवर हाताचा ओला ठसा उमटतो.

लहानपणापासून थोडं होतंच, पण गेल्या दोन वर्षांत फार वाढलं. तिला चित्रकलेची मनापासून आवड. एलिमेंटरी झाली, यंदा इंटरमिजिएटला बसली. अक्षरलेखनाच्या पेपरला हाताखालचा कागद भिजून फुगला, रंग पसरला, खोडायला गेली तर पापुद्रा निघाला. घरी येऊन रडली नाही. ड्रॉइंग बोर्ड कपाटावर ठेवून दिला आणि त्यानंतर खाली काढलेला नाही. मंगळागौरीला मावशीकडे गेलो होतो, तिथेही फुगडीला कुणाच्या हातात हात दिला नाही, कोपऱ्यात बसून राहिली. मला घामापेक्षा हे जास्त लागतंय.

सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे. दोन महिने सब्जा, गुलकंद, धण्याचं पाणी सगळं केलं. शेजारच्या काकू म्हणतात, पोरगी घाबरट आहे. आमच्या डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती व्यवस्थित आली. 'मोठी झाली की कमी होईल,' म्हणाले.

घाम उन्हाळ्यात येतो हे कळतं, पण थंडीत, नुसतं बसल्या जागी, फक्त हातापायांनाच का? हा आजार आहे का? कुणाकडे न्यावं? अनुभव असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद – ओसरी

ताई, तीन गोष्टी सांगाल का? झोपेत हात ओले असतात का? दोन्ही हातांना सारखाच घाम येतो का? घरात आणखी कुणाला आहे का? रात्री कपडे भिजत असतील, वजन उतरत असेल किंवा बारीक ताप असेल, तर ते वेगळं प्रकरण असतं आणि लवकर दाखवावं लागतं.

धागाकर्ती

वजन, ताप तसं काही नाही. दोन्ही हातांना सारखाच येतो. तुमचा प्रश्न वाचून काल रात्री दोनदा उठून पाहिलं. हात अगदी कोरडे आणि उबदार होते. इतक्या वर्षांत हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि हो, माझ्या धाकट्या भावालाही आहे. तो कुणाशी हात मिळवायचा टाळतो, आम्ही त्याला लाजाळू समजत होतो.

प्रतिसाद – पारिजात

मी नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवते. निदान डॉक्टरच करतील, पण 'का' याचं उत्तर सविस्तर देते, कारण मुलीला तेच आधी कळायला हवं.

आपल्या अंगावर साधारण २० ते ४० लाख घामग्रंथी असतात. कपाळ, पाठ, छाती इथला घाम मुख्यतः शरीर थंड ठेवण्यासाठी. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, रक्ताचं तापमान वाढलं की तो ग्रंथींना निरोप धाडतो. नुसतं पाणी बाहेर आल्याने गारवा मिळत नाही, ते वाळावं लागतं. माठाचं पाणी गार होतं ते बाहेरचा ओलावा वाळतो म्हणून, इथेही तेच. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणून मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत घाम आला कधी नि वाळला कधी कळत नाही, आणि मुंबईत नुसता निथळतो, पण बरं काही वाटत नाही.

तळहात-तळपायांचं गणित निराळं. ग्रंथी सर्वांत दाट तिथेच, पण त्या उकाड्यापेक्षा मनाच्या हालचालीला जास्त जागतात. परीक्षा, अनोळखी माणूस, एकाग्रता. भीतीच हवी असं नाही, मन लावून चित्र काढत असली तरी पुरे. खोटं पकडण्याच्या यंत्रात बोटांना तारा लावतात त्या याच ओलाव्यासाठी. आणि हा ओलावा मुळात उपयोगाचाच असावा. कुदळ उचलण्याआधी गडी तळहातावर थुंकी घेतो ना? किंचित ओली त्वचा पकड घट्ट करते. मांजर-कुत्र्यांनाही घाम पंजाच्या गादीवरच येतो.

तुमच्या मुलीच्या ग्रंथी जास्त नाहीत, मोठ्याही नाहीत. त्यांच्याकडे जाणारा मज्जातंतूंचा निरोप गरजेपेक्षा जोरात जातो. झोपेत तो निरोप थांबतो, म्हणून हात कोरडे. दोन्ही बाजूंना सारखं, लहान वयात सुरुवात, घरात आणखी कुणाला, झोपेत बंद: या खुणा पाल्मर हायपरहायड्रोसिसच्या, म्हणजे तळहातांना गरजेपेक्षा जास्त घाम येण्याच्या विकाराच्या आहेत. त्यामुळे 'पोरगी घाबरट आहे' हे मला अजिबात पटत नाही. हात भिजतात म्हणून ती धास्तावते आणि धास्तीने हात आणखी भिजतात. 'घाबरू नकोस' हे वाक्य घरात बंद करा, एवढं तरी आजपासून करता येईल. सब्जा हवा तर द्या, पण हा 'उष्णते'चा घाम नव्हेच.

त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या.

प्रतिसाद – घाटवाट

मी ३१ वर्षांचा, हाच त्रास सातवीपासून. ओल्या अंगठ्याने हजेरीचं मशीन मला ओळखत नसे, त्यावरून बोलणी खाल्ली आहेत. त्यामुळे मुलीची बाजू कळते.

माझा क्रम असा झाला. आधी २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचं औषध. रात्री हात पूर्ण कोरडे करून लावायचं, सकाळी धुवायचं. रात्रीच का, तर तेव्हा घाम बंद असतो म्हणून औषध ग्रंथीच्या नळीत बसतं आणि तोंड बुजवतं. काखेत छान काम केलं, तळहाताची कातडी जाड, तिथे थोडंच. खाजही सुटली.

मग आयोंटोफोरेसिस. दोन उथळ ट्रेमध्ये साधं नळाचं पाणी, त्यात हात ठेवायचे आणि मशीन अगदी सौम्य वीज सोडतं. मुंग्या येतात इतकंच. वीसेक मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा मला वर्तमानपत्राचं पान कोरडं उलटता आलं. आता आठवड्यातून एकदा करतो, सोडलं की परत येतं. बोटावर चीर असेल तर आधी व्हॅसलिन लावा, नाहीतर चांगलंच झोंबतं. पेसमेकर किंवा शरीरात धातू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे करायचं नसतं.

गोळ्याही आहेत. त्या सगळ्या अंगाचा घाम कमी करतात, तोंड कोरडं पडतं आणि उन्हात खेळणाऱ्या मुलांना ते धोक्याचं होऊ शकतं. बोटॉक्सची इंजेक्शनं तळहातात फार दुखतात आणि काही महिनेच टिकतात.

एक कळकळीने सांगतो. छातीतला, घामग्रंथींना निरोप नेणारा मज्जातंतू कापण्याचं ऑपरेशन कुणी सुचवलं तर घाई करू नका. हात कोरडे होतात, हे खरं. पण माझ्या एका मित्राचा घाम पाठीवर आणि पोटावर सरकला, दिवसातून दोनदा शर्ट बदलतो, आणि कापलेलं परत जोडून घेता येत नाही. १४ व्या वर्षी हा निर्णय नको.

तोवर चित्रासाठी: हाताखाली टीपकागद, आणि पातळ सुती हातमोज्याची अंगठा व दोन बोटं कापून तो घालायचा. शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी दिली तर परीक्षेत नॅपकिन जवळ ठेवू देतात का, ते विचारा.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. साताऱ्यातच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनीही तेच निदान केलं. तळहाताला आयोडीन लावून वाळवलं, वर स्टार्चची पूड भुरभुरवली आणि घामाचा एकेक बिंदू काळा-निळा उमटत गेला. 'आई, हे तर बटाट्याच्या प्रयोगासारखं,' म्हणाली. डॉक्टरांनी फोटो काढू दिला. रविवारी बोर्ड खाली काढून तिने त्या ठिपक्यांच्या हाताचं चित्र सुरू केलंय, हातमोजा घालून. अर्धंच झालंय.

भावाला फोन केला, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा या विषयावर बोललो. तोही दाखवणार आहे.

सध्या दवाखान्यात आयोंटोफोरेसिसच्या ४ बैठका झाल्या, फरक अजून थोडाच आहे. घाटवाट, तुम्ही मशीन घरी घेतलं आहे का? आठवड्यातून तीनदा शाळा बुडवणं जमत नाहीये. घरच्या मशीनवर लहान मुलांसाठी वीज किती ठेवायची हे डॉक्टर ठरवून देतात का, आणि चांदीची अंगठी-बांगडी काढावीच लागते ना?