ट्रंपेट वाजवणाऱ्या भाच्यासाठी
दादा, जालन्यात लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्या भाच्यानं बारावीनंतर काय करावं, असं तुम्ही विचारलंत. वाट आहे, नक्की आहे! पोलीस भरतीत बँड्समनची पदं निघतात, अन् राज्य राखीव पोलीस दलाचा गट तर जालन्यातच आहे. हवाई दल अग्निवीरवायू म्युझिशियन, म्हणजे वादक जवान, घेतं. नोकरीची मुदत मात्र ४ वर्षांची, पुढं जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात. आपली पोरं कानानं चाल झटक्यात उचलतात, अडतं ते कागदावर लिहिलेले सूर वाचताना. नेहमीच्या ट्रंपेटवर कागदावरचा सी हा सूर वाजवला की प्रत्यक्षात ऐकू येतो त्याच्या खालचा बी फ्लॅट, हे त्याला आधी समजू द्या. लग्नसराई ओसरली की रोज तासभर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायची पद्धत, शिकायला घे म्हणावं. अन् पळायचा सरावही आत्तापासूनच, भरतीत मैदानी चाचणी असते.