अशक्य गोष्ट पटवायची तर हिशेब मांडावा की झाकावा?

तिरपी रेघ (धागाकर्ता)

एच. जी. वेल्सने १९३३ साली आपल्या विज्ञानकथांच्या एकत्रित आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. तिचा मथितार्थ असा: अशक्य गोष्ट एकच घ्या, बाकी जग नेहमीचंच राहू द्या, काहीही घडू शकतं म्हटलं की कशातच रस उरत नाही. हे बहुतेकांना पाठ असतं. घोडं अडतं ते ‘बाकी जग नेहमीचंच’ यावर. माझं मत: अशक्य गोष्ट कशी घडते हे सांगायची गरज नाही, पण ती घडल्यावर उरलेल्या निसर्गनियमांचं देणं चुकवावंच लागतं.

समजा, एक बाई क्षणात इथून तिथे पोचते. औषधं आणि निरोप पोचवणं हे तिचं काम. वजन ७० किलो. ती १००० मीटर उंच माथ्यावर प्रकटली, तर तिची स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे अंगात साठणारी ऊर्जा) सुमारे ६८६ किलोज्यूलने वाढली. ही आली कुठून, ते लेखकाने ठरवायचं. तिच्याच अंगातल्या उष्णतेतून आली असं धरू. शरीराचा एक किलो भाग एका अंशाने थंड व्हायला साधारण ३.५ किलोज्यूल जावे लागतात, म्हणजे अंगाचं तापमान २.८ अंशांनी उतरणार. ३७ वरून ३४.२. ३५ अंशांच्या खाली माणूस कुडकुडतो, जीभ जड होते, निर्णय चुकायला लागतात. उतरताना उलटं: ३९.८, सणसणीत ताप.

एवढ्या एका आकड्यातून बघा काय काय निघालं. ती २००-२०० मीटरचे टप्पे घेणार, कारण टप्प्याला जेमतेम अर्धा अंश जातो. वरच्या ठाण्यावर शेकोटी पेटती ठेवणारं कुणीतरी हवं, खालच्या ठाण्यावर गार पाणी हवं. घाई केली तर डोकं चालेनासं होतं आणि नेमकी तेव्हाच पुढची उडी चुकते. शिवाय ती जिथून नाहीशी होते तिथे सुमारे ७० लिटरची पोकळी पडते, हवा आत धावते, आवाज होतो. म्हणजे गुपचूप निसटणं बाद.

यातला एकही आकडा कथेत येऊ नये. हिशेब वहीत राहतो, पानावर येतात त्याच्या खुणा. आणि सगळ्यात जास्त कथा फसतात त्या इथे: लेखक किंमत ठरवतो आणि अडचणीच्या प्रसंगी स्वतःच माफ करून टाकतो. चौथ्या प्रकरणात एका टेकडीने गारठलेली बाई शेवटच्या प्रकरणात तीन डोंगर ओलांडून ताजीतवानी!

उलटतपासणी

आकडे बरोबर, निष्कर्ष अमान्य.

ज्याला ऊर्जा-उष्णतेचं गणित येत नाही, त्याला तुमचा ताप म्हणजे लेखकाची लहर वाटेल. ज्याला येतं, तो लगेच पुढचा प्रश्न विचारेल: पृथ्वी फिरते त्याचं काय? विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला ४६५ मीटरने पूर्वेकडे पळते, ६० अंश अक्षांशावरची त्याच्या निम्म्याने. तुमची बाई मूळ जागेचा वेग अंगात घेऊन विषुववृत्तावरून तिथे पोचली की ताशी सुमारे ८३७ किलोमीटरच्या वेगाने पूर्वेकडच्या पहिल्या भिंतीवर आदळेल. ऊर्जेचं देणं चुकवलंत, मग वेगाचं का नाही? एका नियमाला मान दिलात की बाकीचे दारात रांग लावतात. हिशेब उघडलाच नसता तर कुणी विचारलं नसतं.

वाचकाला पदार्थविज्ञानापेक्षा माणसं जास्त कळतात. म्हणून विश्वास बसतो तो आजूबाजूच्यांच्या वागण्यावर. सर्वात आधी ठरवायचं ते प्रमाण. अशी माणसं कोटीत एक असतील, तर ती अफवा आहे. पोलीसही दखल घेणार नाहीत. हजारात एक असतील, तर दहा लाखांच्या शहरात हजार जण निघाले. मग तुरुंगाची भिंत निरर्थक. ‘गुन्ह्याच्या वेळी मी दुसऱ्या गावात होतो’ हा बचाव कोर्टात मेला. तिजोरी बनवणारा बुडाला किंवा त्याने काहीतरी नवीन शोधलं. सीमेवरची जकात कोण आणि कशी गोळा करणार? घरमालक भाडेकरूला आधी काय विचारणार? या प्रश्नांची उत्तरं कथेत दिसली तर ऊर्जा कुठून आली हे कुणी विचारत नाही. नाही दिसली, तर तापाचे दशांश कितीही अचूक असोत, ते जग पुठ्ठ्याचंच.

तिरपी रेघ

प्रमाण आधी ठरवायचं हे शंभर टक्के मान्य, मूळ धाग्यात यायला हवं होतं.

पण वेगाचा प्रश्न ही अडचण नाही, तिच्यातच कथा आहे. गणित करून बघा. पूर्व-पश्चिम उडीत जमिनीचा वेग तेवढाच असतो, पण पृथ्वी गोल असल्याने त्याची दिशा बदलते, म्हणून वेगातला फरक अंतराच्या प्रमाणात वाढतो. सुमारे ७० किलोमीटरला सेकंदाला ५ मीटर. विषुववृत्तावर हा फरक जवळजवळ पूर्ण उभ्या दिशेत येतो. म्हणजे पूर्वेला ७० किलोमीटर गेली की ती पोचताच सव्वा मीटर वर फेकली जाणार. पश्चिमेला गेली तर सव्वा मीटरच्या कठड्यावरून उडी मारल्यासारखी जमिनीवर आदळणार. उडीचा पल्ला आपोआप ठरला. लांब जायचं तर मुक्काम करत जायचं. पश्चिमेकडच्या ठाण्यांवर वाळू पसरलेली, पूर्वेकडच्या ठाण्यांना छत उंच. या धंद्यातली जुनी माणसं गुडघ्यावरून ओळखू येतात.

‘लांब जाता येत नाही’ एवढंच लेखकाने जाहीर केलं असतं तर ती सोय वाटली असती. वाळू आणि उंच छत दिसलं की वाचकाला कारण न कळताही कळतं, की इथे काहीतरी कारण आहे.

तिसरा प्रहर

तुम्ही दोघेही एकाच गावचे. एकाला निसर्गाचे नियम हवेत, दुसऱ्याला समाजाचे. अद्भुत आणि भयकथेत दोन्ही नकोत, कारण तिथे भीती उरते ती कारण न सापडण्यात. विहिरीतून येणाऱ्या बाईला उष्णतेचा हिशेब लावलात की ती पंप झाली.

तिथे विश्वास बसवण्याच्या युक्त्या वेगळ्या. एक खूण घट्ट धरायची आणि बाकी सगळं मोकळं सोडायचं. येते तेव्हा उंबऱ्यावर फक्त डाव्या पावलाचा ओला ठसा, एवढंच. ती खूण दोनदा तशीच येऊ द्यावी. पहिल्यांदा वाचक ओलांडून जातो, दुसऱ्यांदा थबकतो. तिसऱ्यांदा ती किंचित बदलावी: ठसा आहे, पण आतून बाहेर जाणारा. नियम आहे हे जाणवतं, कोणता ते कळत नाही. चार-पाच वेगवेगळ्या खुणा वापरल्या की परिणाम विरतो. नवख्यांच्या भयकथा बहुतेक इथेच पडतात. दिवेही जातात, कुत्रंही रडतं, आरसाही तडकतो.

दुसरं, साक्षीदाराची अचूकता चुकीच्या ठिकाणी ठेवायची. खरोखर हादरलेला माणूस मुख्य गोष्ट धूसर सांगतो आणि किरकोळ गोष्ट नेमकी. “चेहरा सांगता येणार नाही, पण हातातल्या कंदिलाची काच एका बाजूने काजळलेली होती.” याच्या उलट, भुताचं नखशिखान्त वर्णन आणि खोलीचा मात्र पत्ता नाही, असं झालं की ते भूत कागदी.

आणि पात्रांनी पहिल्यांदा विश्वास ठेवू नये. वाचकाच्या मनातली शंका पात्राने वाचकाआधी बोलून दाखवली की ती निम्मी होते. पण एकदाच. तीच शंका चार प्रकरणं चघळणारा नायक वाचकाला मूर्ख वाटू लागतो, कारण वाचकाने अशक्य गोष्ट केव्हाच मान्य केलेली असते.

उलटतपासणी

पंप मस्त! पण मग शेवटी त्या बाईपासून सुटका कशी होते? मीठ टाकून? मंत्र म्हणून? ते उपाय चालतात हे आधी कळलेलं नसेल तर ती पळवाटच.

तिसरा प्रहर

सुटका होतेच असं कुणी सांगितलं?

लाल शाई

हस्तलिखितं तपासण्याच्या अंगाने लिहितो, कारण तत्त्वावरची भांडणं पानावर बरीच मिटतात.

वरच्या प्रश्नाला अद्भुत कादंबऱ्या लिहिणारा अमेरिकी लेखक ब्रँडन सँडरसनचा नियम पुरतो: जादूने पेच सोडवायचा असेल तर ती वाचकाला जितकी कळली असेल तितकाच तो सुटलेला पटतो. जादू पेच निर्माण करत असेल तर काही समजावायची गरज नाही. म्हणजे तिसरा प्रहर यांची विहीर आणि तिरपी रेघ यांची उडी यांना वेगळे कायदे लागतात. एकच कथा दोन्ही करत असेल, तर जो भाग सोडवणुकीला लागतो तेवढाच स्पष्ट करा. आणि तो लागण्याच्या बऱ्याच आधी, बिनमहत्त्वाच्या प्रसंगात दाखवा. ऐन संकटात पहिल्यांदा दिसलेला नियम कितीही तर्कशुद्ध असला तरी फसवणूक वाटतो.

आता क्रम. आधी परिणाम, मग कृती, कारण सर्वांत शेवटी आणि जमलं तर नाहीच. हे वाक्य बघा:

“क्वांटम क्षेत्रातल्या कंपनांमुळे तिच्या शरीरातली उष्णता खर्च होत असे, त्यामुळे वर पोचल्यावर तिला थंडी वाजे.”

इथे लेखक बोलतोय. हेच असं:

“ती दिसताच म्हाताऱ्याने घोंगडी पुढे केली. तिने न बघताच ती ओढून घेतली. ‘किती टप्प्यांत?’ त्याने विचारलं. ‘दोन,’ ती म्हणाली, आणि त्याने शिवी हासडली.”

किंमत आली, सवय आली, मर्यादा आली आणि ती आज मोडली गेली हेही आलं. कारण शून्य. म्हाताऱ्याच्या शिवीने जे काम केलं ते परिच्छेदभर माहितीने झालं नसतं.

क्वांटम हा शब्द तर उदबत्तीसारखा ओवाळला जातो. जाणकाराला ठाऊक असतं की क्वांटम सिद्धांतातल्या ‘गुंतलेल्या’, म्हणजे दूर असूनही एकमेकांशी जोडलेल्या कणांतून प्रकाशापेक्षा वेगाने निरोपही पाठवता येत नाही, बाई तर दूरच. खऱ्या विज्ञानाचं नाव घेतलं की खऱ्या विज्ञानाची परीक्षाही द्यावी लागते. स्वतःचा शब्द बनवा, किंवा पात्रांना धंद्यातला रोजचा शब्द वापरू द्या. रोज उडी मारणारी माणसं तिला ‘उडी’च म्हणतील.

स्पष्टीकरण लागलंच तर एका जागी दोन वाक्यं, आणि ज्याचं त्या क्षणी त्यावाचून अडलंय त्याच्या तोंडी. दोन तज्ज्ञ एकमेकांना माहीत असलेली गोष्ट सांगताना दिसले की मी ते पान आधी कापतो. मग उरलेलं वाचून बघायचं: काय कळेनासं झालं? बहुतेक वेळा काहीच नाही. जे खरंच तुटलं तेवढंच परत आणा.

उलटतपासणी

घोंगडी घेतो. म्हाताऱ्याची शिवी म्हणजे माझाच मुद्दा, माणसांचं वागणं.

पण तिरपी रेघ यांच्या ‘देणं चुकवावंच लागतं’ला एक अडथळा टाकतो. काळ थांबवणारा किंवा इतरांपेक्षा हजारपट वेगाने जगणारा नायक घ्या. बाहेरचा उजेड त्याच्या घड्याळाने हजारपट मंद कंपनांचा, म्हणजे हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मिलिमीटर. डोळ्याला काही दिसणार नाही, मिट्ट काळोख. साधं चालला तरी बाहेरच्यांच्या मापाने सेकंदाला हजारभर मीटर, ध्वनीच्या जवळपास तिप्पट. देणं चुकवायला गेलं तर आंधळा माणूस धमाके करत फिरतोय, पुढे कथा नाही. असे नायक तर वाचकांनी पिढ्यानपिढ्या बिनतक्रार स्वीकारलेत. म्हणजे देणं बुडवता येतं.

तिरपी रेघ

बुडवता येतं, पण पहिल्या पानावर आणि सरसकट. ‘त्याला दिसतं’ हे वेल्सच्या त्या एका गृहीतातच धरायचं. मधल्याच प्रकरणात सोयीपुरतं बुडवलं तर नाही चालणार. इतकं मी मागे सरतो.

पण हजारपट हवंच कशाला? दीडपट ठेवा. बाहेरचा निळा प्रकाश त्याला लाल दिसेल आणि बाहेरचा लाल त्याच्या डोळ्यांच्या टप्प्याबाहेर जाईल. जुना पिवळा बल्ब जवळजवळ विझलेला वाटेल. ‘थांबा’ सांगणारा लाल दिवा त्याला काळा दिसेल. ज्या माणसाला घाईत असताना नेमकी धोक्याची खूणच दिसत नाही, त्याच्यावर मी हजारपट वेगवाल्यापेक्षा आधी विश्वास ठेवीन.

तिसरा प्रहर

लाल दिवा काळा दिसतो हे छानच. आता तो का काळा दिसतो हे कथेत कुणालाही कळू देऊ नका, मग मी तुमच्या बाजूने.

लाल शाई

नायकाला स्वतःला तरी कळायला हवं, नाहीतर तो दुसऱ्यांदा त्याच चौकात का थांबेल? वाचकाला सांगा अगर नका सांगू.

अवांतर: उडी मारणाऱ्या बाईचे कपडे तिच्यासोबत जातात की मागे राहतात, हे धाग्यात अजून कुणीच ठरवलेलं नाही. घोंगडीचा खरा अर्थ त्यावर अवलंबून आहे. आणि पिशवीतली औषधं जात असतील, तर पाठीवर बांधलेलं मूलही जाईल का, हे पहिल्या टप्प्यातच ठरवून ठेवा. सातव्या प्रकरणात ते लागणार आहे.