मदत हवी आहे: भाजी-मासळीच्या बाजारातली पातळ पिशवी कशी बंद करावी?

नमस्कार मंडळी,

मी परळला, हिंदमाताजवळ राहते. आमच्या इमारतीतल्या आणि शेजारच्या चाळीतल्या आम्ही काही जणींनी ठरवलंय, की निदान आमच्या गल्लीत तरी पातळ प्लास्टिकची पिशवी दिसू द्यायची नाही. गल्लीत भाजीवाल्या मावश्या बसतात, दोन फळवाले आहेत, संध्याकाळी कोळणी पाट्या घेऊन येतात. सगळ्यांकडे पिशव्यांचा गठ्ठा लटकलेला असतोच.

हिंदमाता भाग बशीसारखा खोलगट आहे, थोडा जोरात पाऊस झाला की पाणी साचतं. पालिकेने सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि प्रमोद महाजन उद्यानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, त्याचा उपयोगही होतो. पण टाकीपर्यंत पाणी पोचायला गटाराची जाळी तर मोकळी हवी! पावसात आमच्या कोपऱ्यावरची जाळी कुणी हाताने साफ केली, की पिशव्यांचा लगदाच बाहेर येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर या पिशव्यांवर किती बोललं गेलं. २०१८ मध्ये राज्याने बंदी आणली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तूंवर देशभर बंदी आली. पिशवी मात्र अजून गल्लीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. 'पालिकेत तक्रार करा' हा सल्ला कृपया देऊ नका. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड आहे. एवढे पैसे मावशी कुठून आणणार? पिशवी ती हौसेने देत नाही, तिच्या खिशातून देते. आमच्या मावशी म्हणाल्या, "ताई, मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं. सगळ्यांनी एकदम बंद केलं तर मला आनंदच आहे." म्हणजे सवय मोडायची ती आमची, घेणाऱ्यांची.

मदत हवी आहे ती अशी. स्टेशनवरून थेट भाजीला येणाऱ्या बायकांकडे पिशवी नसते, त्यांच्यासाठी मावश्यांकडे कापडी पिशव्या ठेवून द्यायचा विचार आहे. अनामत घ्यावी का? घेतली तर किती? मासळीचं काय करायचं, हे तर अजिबात सुचत नाही. बोंबील आणि कोळंबी कापडी पिशवीतून कशी न्यायची? घरात कचऱ्याच्या डब्याला काय लावायचं, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तिथेच चर्चा अडते. शिवाय दुकानदार कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या देतात, त्या चालतात का? कुणी असं काही करून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा.

बोंबीलप्रेमी:
मासळीला डब्याशिवाय पर्याय नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, नाहीतर आइस्क्रीमचा रिकामा डबा, वजनाला हलका आणि फुटला तरी दुःख नाही. कोळीण मासे साफ करून थेट डब्यात टाकते, उलट तिचं काम वाचतं. आमच्याकडे डबा दिसला की मावशी मूठभर बर्फही टाकते वरून.

डबा नसेल त्यांच्यासाठी केळीचं पान. दादरच्या फूलबाजारातून पानं आणून कोळणींना द्या. मासळी पानात, पानावर वर्तमानपत्राचे दोन-तीन थर, मग पिशवी. वर्तमानपत्र माशाला थेट लागू देऊ नका. छपाईची शाई खाण्यात जाते, म्हणून वर्तमानपत्रात खायचे पदार्थ बांधू नका असं एफएसएसएआयनेही, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही, सांगितलंय. पापलेट, बांगडा, सुरमईच्या तुकड्यांना पान पुरतं. बोंबील, कोळंबी, मांदेली यांना मात्र डबाच, पाणी सुटतंच. सोलून ठेवलेली कोळंबी तर पानातून हमखास गळते.

मुलुंडकर:
कापडासारख्या पिशवीबद्दल. ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, शुद्ध प्लास्टिक. २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेत तिचंही नाव होतं. केंद्राने २०२१ मध्ये नियम बदलले, त्यानुसार ती चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी असूच शकत नाही. हाताला झिरझिरीत लागते ती सरळ नाकारा. शंका आली तर कडेचा एक धागा जाळून पाहा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते. प्लास्टिक वितळून त्याचा टणक मणी होतो.

भाजीवाल्यांना 'ही विरघळणारी आहे, चालते' असं सांगून पिशव्या विकणारेही फिरतात. विघटनशील पिशवीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा क्रमांक आणि बनवणाऱ्याचं नाव पिशवीवर छापलेलं असावं लागतं. मावश्यांना एवढं वाचायला शिकवलंत तरी त्यांची फसवणूक टळेल. आणि प्रमाणपत्र असलेली पिशवीसुद्धा खतप्रकल्पाच्या उष्णतेत कुजते, गटारात नाही. तुमच्या जाळीत ती इतर पिशव्यांसारखीच अडकणार.

सुईदोरा:
आमच्या बचत गटाने पिशव्या शिवल्या आहेत, म्हणून कळकळीने सांगते: नवीन कापड घेऊ नका. कापूस पिकवायला, कापड विणायला, रंगवायला खूप पाणी आणि ऊर्जा जाते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २०११ चा अहवाल म्हणतो, की हवामानावरचा भार पाहिला तर सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरली तर ती साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. म्हणजे नवी पिशवी वाटली आणि ती कपाटात पडून राहिली, तर आपण उलटं नुकसान केलं.

जुनी सुती साडी, विरलेली चादर, पडद्याचं कापड वापरा. नायलॉनची साडी नको, तीही प्लास्टिकच. बंद शिवताना ते पिशवीच्या आत चार बोटं उतरवून चौकोनात फुलीची शिलाई मारा, कांदे-बटाट्याच्या वजनाने बंदच आधी उसवतो. बंद आखूड ठेवा, म्हणजे पिशवी जमिनीला घासत नाही.

आणि शिवण्याच्याही आधी घराघरांतून गोळा करा! लग्नात मिळालेल्या, साडीच्या दुकानातल्या, कुठल्या तरी शिबिरात वाटलेल्या पिशव्या प्रत्येक घरात पडून असतात. त्या मावश्यांकडे टांगा. अनामत वीस रुपये ठेवा, पिशवी परत दिली की पैसे परत. आम्ही आधी अनामत घेतली नव्हती, पिशव्या गेल्या त्या गेल्याच. मात्र हिशेब मावश्यांच्या गळ्यात घालू नका. त्या वजन करतील, पैसे घेतील, की पिशव्या मोजतील? कोपऱ्यावरच्या वाण्याकडे किंवा तुमच्यापैकी एकीकडे ठेवा.

शिवडीकर:
धागा वाचून बरं वाटलं, पण एक राहवत नाही म्हणून लिहितो. सगळा भार गिऱ्हाईक आणि भाजीवालीवरच का? पिशवी कुठे तरी बनते, टेम्पोतून येते, ठोक बाजारात उघड मिळते. ते बंद झालं तर तुम्हाला हे करावंच लागणार नाही. तक्रार करायचीच असेल तर ठोक विक्रेत्याची करा.

धागालेखिका:
शिवडीकर, अगदी पटलं. ठोक विक्रेत्याची तक्रार करायला आमची हरकत नाही, मावश्यांकडून फक्त माल कुठून येतो एवढं कळलं तर पुढचं आम्ही पाहू. त्यांचं नाव कुठेही येता कामा नये, ही आमची अट. पण ते होईपर्यंत थांबायचं नाही, पावसाळा थांबणार नाही.

सुईदोरा, पिशव्या गोळा करायचं फारच आवडलं. या रविवारी दोन्ही इमारतींत फिरतो आहोत. केळीच्या पानांचं कोळणींना विचारलं, एक म्हणाली, "आधी आम्ही पानातच द्यायचो, तुम्हालाच पिशवी हवी झाली." कचऱ्याच्या डब्याचं मात्र अजून कुणी लिहिलं नाही. आणि हो, सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी अडकवून जातात ती आता पातळ पिशवीत असते. पूर्वी पानात दोरा गुंडाळून यायची. फुलवाल्याला काय सांगू?

मुलुंडकर:
ओल्या कचऱ्याला पिशवी लावायचीच नाही. डब्याच्या तळाशी नारळाची शेंडी किंवा वर्तमानपत्राची घडी घाला, ओल शोषली जाते. गाडी आली की डबा थेट उलटा करून रिकामा करायचा आणि विसळायचा. वास कमी करायचा तर पाणी गाळूनच खरकटं टाका, वास त्या पाण्याचाच असतो. सुक्या कचऱ्याला गोणी पुरते. सॅनिटरी पॅड, डायपर वेगळे, कागदात नीट गुंडाळून. जाता जाता दुधाच्या पिशवीचं: कोपरा पूर्ण कापून टाकू नका, अर्धवट चीर द्या. तो चिमुकला तुकडा भंगारवाल्याकडे कधीच पोचत नाही, गटारात जातो.

सुईदोरा:
फुलपुडीसाठी कडीला एक छोटी सुती पिशवी कायमची अडकवून ठेवा, चार बोटं रुंद पुरे. फुलवाल्याला सांगा, फुलं सुटी त्यात टाक. त्याचा पिशवीचा खर्च वाचतो, तो लगेच तयार होतो. पावसाळ्यात पिशवी रोज वाळत घाला, नाहीतर झेंडूला बुरशी येते. मजल्यावरच्या सगळ्यांनी एकदमच सुरू करा, एकेका दाराला वेगळा नियम लक्षात ठेवणं त्याला जमत नाही.