साथ ओसरते, बदल राहतात

साथ ओसरली की सगळं पूर्ववत होतं, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर इंग्लंडमध्ये मजुरांची इतकी टंचाई झाली की उरलेले जास्त मजुरी मागू लागले. १३५१ साली पार्लमेंटने कायदा करून मजुरी साथीपूर्वीच्या दरावर बांधली. तरी ती पुढे वाढलीच.

कोविडमध्ये घरून काम करायची सोय झाली ती संगणकावर काम करणाऱ्यांची. रुग्णालयाच्या वॉर्डातली लादी पुसणाऱ्या बाईला ती कुठून मिळणार? 'अत्यावश्यक' म्हणून टाळ्या मिळाल्या, पण आजारपणाची पगारी रजा अनेकांना मिळाली नाही. याची अजून चीड येते.

देशादेशांतल्या विषमतेचं तर विचारूच नका. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक व्यापार संघटनेकडे लशी, औषधं, चाचण्या यांवरचे पेटंट हक्क तात्पुरते स्थगित करा म्हणून प्रस्ताव दिला. निर्णय आला जून २०२२ मध्ये, तोही फक्त लशींपुरता! मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, पुढच्या साथींना मिळून तोंड देण्यासाठीचा महासाथ करार मंजूर केला खरा, पण विषाणूचे नमुने आणि त्यांतून बनणाऱ्या लशी यांची देवाणघेवाण नेमकी कशी करायची, हा कळीचा मुद्दा कराराला नंतर जोडायच्या परिशिष्टावर ढकलला.