धावताना गार, सिग्नलला उभी राहिली की गरम: दोष कुठे शोधावा?

प्रश्न (विजापूर रोड, सोलापूर)
नमस्कार. माझी पेट्रोल गाडी जुनी आहे, पण नियमित वापरात आहे. मंगळवेढ्याला जाताना भर उन्हात वेगाने चालवली तरी तापमानाचा काटा मधोमध स्थिर असतो. मात्र सात रस्त्याच्या सिग्नलला किंवा नवी पेठेच्या गर्दीत एसी लावून काही मिनिटे थांबावे लागले, की काटा वर सरकू लागतो आणि एसीची हवाही गार लागेनाशी होते. कुलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) कमी होत नाही. एका गॅरेजने थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायला सांगितले आणि दुसऱ्याने हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घेतला. खर्चात पडण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर (गॅरेज, अक्कलकोट रोड)
सर, आपण लिहिलेली एसीची खूण सर्वांत महत्त्वाची आहे. एसीचा कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) कुलंट गार करणाऱ्या रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि गाडी उभी असताना दोघांमधून हवा ओढण्याचे काम रेडिएटरचा फॅनच करतो. त्यामुळे दोन्ही तक्रारी एकाच वेळी येत असतील, तर संशय आधी फॅनवर घ्यावा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर काटा हायवेवरही चढला असता. तो काढून टाकण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, पण ती मला मुळीच मान्य नाही, कारण त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला येण्यास उशीर लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि मूळ दोष तसाच राहतो.

गाडी सुरू करून एसी लावा आणि बॉनेट उघडून लांबूनच पाहा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात फॅन फिरू लागतो. फिरला नाही तर फ्यूज पाहा, रिले (फॅनला करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी बदलून पाहा आणि तरीही फरक पडला नाही तर इलेक्ट्रिशियनकडून मोटरला थेट बॅटरीचा करंट देऊन घ्या. इंजिन बंद केल्यावरही काही गाड्यांत फॅन अचानक सुरू होतो, म्हणून बॅटरीची वायर काढल्याशिवाय पात्यांजवळ हात नेऊ नये. गरम असताना रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये.

उत्तर (होटगी रोड)
वरील सल्ल्याला एक जोड. ज्वारीच्या राशींच्या दिवसांत गावाकडच्या रस्त्यांवर गाडी फिरली असेल, तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत भुसकट, धूळ आणि किडे यांचा थर साचतो, जो समोरून पाहिल्यास दिसत नाही. इंजिन गार झाल्यावर आतून बाहेरच्या दिशेने साध्या पाइपने पाणी मारावे. जोराच्या प्रेशरने जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात. बोअरचे पाणीही भरू नये, त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

प्रश्न विचारणारे
दोघांचेही मनापासून आभार. एसी लावूनही फॅन हलला नाही. फ्यूज शाबूत होता आणि रिले बदलूनही उपयोग झाला नाही. थेट करंट दिल्यावर मोटर नुसतीच घुरघुरली. इलेक्ट्रिशियनने लाकडी काडीने पाते ढकलले तेव्हा ती रखडत फिरली. बॅटरीची वायर काढून पाते हाताने फिरवले तर जड लागते आणि मोटरच्या मागच्या बाजूला काळी भुकटी दिसते.

उत्तर (गॅरेज, अक्कलकोट रोड)
ही भुकटी मोटरमधील झिजलेल्या कार्बन ब्रशची (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोहोचवणाऱ्या तुकड्यांची) असणार, आणि पाते जड फिरते म्हणजे बेअरिंगही गेले आहे. नुसते ब्रश बदलून भागणार नाही, पूर्ण मोटर बदलावी. सोबत कनेक्टर वितळलेला नाही ना, हे पाहावे, कारण जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते. नवी बसवल्यावर एसी लावून गाडी उभी ठेवा. फॅन जोरात फिरूनही काटा चढला, तर कुलंट फिरवणारा वॉटर पंप तपासायचा. हेड गॅस्केटचा विचार त्यानंतर. तोपर्यंत शहरात काटा चढू लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण लावावा (तो इंजिनची उष्णता ओढून घेतो) आणि तरीही उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.