सोसायटीच्या पूलमध्ये क्लोरीन टिकतच नाहीये, दुपारपर्यंत झिरो

बीविंग_पुणे
नमस्कार मंडळी, पूलच्या पाण्याची माहिती असणाऱ्यांनी प्लीज जरा बघा. बालेवाडीला आमच्या सोसायटीचा ओपन पूल आहे, १२ बाय ६ मीटर, खोली साडेतीन फुटापासून पावणेपाच फुटापर्यंत, म्हणजे साधारण ९० हजार लिटर पाणी. फेब्रुवारीत टाइल्सच्या फटी भरायचं काम काढलं म्हणून पूल पूर्ण रिकामा केला, मग टँकरने भरला, सगळे बोअरचे टँकर. त्याच सुमारास मेंटेनन्सवालाही बदलला. आधीचा माणूस डब्यातली पांढरी पावडर टाकायचा, आताचा निळ्या कॅनमधलं लिक्विड क्लोरीन टाकतो.

तेव्हापासून असं होतंय की रात्री पूल बंद झाल्यावर तो क्लोरीन टाकतो, सकाळच्या बॅचला किटमध्ये रंग चांगला येतो, आणि दुपारी एकला बघितलं तर रंगच नाही. संध्याकाळी लहान मुलांची सगळ्यात जास्त गर्दी असते तेव्हा पाण्यात क्लोरीन काहीच नसतं, मला याचीच जास्त काळजी वाटते. पाणी दिसायला स्वच्छ आहे पण शिडीच्या मागे आणि पायऱ्यांच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. दोन-तीन मुलांचे डोळे चुरचुरतात अशी तक्रार आहे. मेंटेनन्सवाला म्हणतो डोस डबल करू, ऊन वाढलंय. कमिटीत मी नवीन आहे, बिलावर सही माझी आहे, म्हणून समजून घ्यायचंय की डबल करून खरंच फरक पडेल का?

पंपरूमवाला
ताई डबल करू नका, आधी थांबा. क्लोरीन जातंय हे कळलं, पण कधी जातंय ते बघा. रात्री जातंय की दिवसा, यावर सगळं अवलंबून आहे. सूर्य मावळल्यावर क्लोरीन टाका, नीट मिसळलं की एकदा मोजा, मग अजून क्लोरीन न टाकता सकाळी ऊन यायच्या आत परत मोजा, आणि मग दुपारी एकला. रात्रीत १ पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) जास्त उतरलं तर पाण्यात काहीतरी ते खातंय, शेवाळ, घाम, तेल, काहीही. रात्री टिकलं आणि दिवसा गेलं तर ते ऊनच.

आणि किट कुठलं आहे ते सांगा. दोन थेंब टाकले की पिवळं होतं ते असेल तर त्याच्यावर निर्णय घेऊ नका, ते टोटल क्लोरीन दाखवतं, त्यातलं कामाचं किती आणि वापरून झालेलं किती हे त्यात कळत नाही. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या, गोळ्यांचं पण मिळतं, एका गोळीने फ्री म्हणजे कामाचं क्लोरीन आणि दुसरी टाकली की टोटल. पीएच, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद) आणि सायन्युरिक अॅसिड, ज्याला दुकानात स्टॅबिलायझर म्हणतात, हे तिन्ही पण मोजून टाका इथे.

नाशिककर७४
आमच्याकडे ब्लीचिंग पावडर टाकतात, स्वस्त पडते आणि स्ट्राँग पण असते, ट्राय करा.

पंपरूमवाला
नाशिककर, विहिरीला ठीक आहे हो, पण पूलला नको. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन तिसरा हिस्सा, बाकी सगळा चुना. पाणी गढूळ होतं, पीएच चढतो, फिल्टरची वाळू दगडासारखी जमते, आणि टँकरचं बोअरचं पाणी आधीच जड असतं त्यात अजून चुना कशाला. आणि सगळ्यांसाठी एक गोष्ट, ही मी प्रत्येक ठिकाणी ओरडून सांगतो: ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीए, म्हणजे ताईंचा आधीचा माणूस टाकायचा ती पांढरी पावडर, एकाच बादलीत किंवा एकाच मापाने कधीही घेऊ नका. दोन्ही पांढऱ्या दिसतात, दोन्हीला क्लोरीनचा वास, पण एकत्र आल्या की पेट घेतात, स्फोट होऊ शकतो. मापाचा डबा सुद्धा वेगळा ठेवा आणि कोरडा ठेवा.

बीविंग_पुणे
सांगितलं तसं सगळं केलं. आमचं किट पिवळंच होतं, नवीन डीपीडीचं मागवलं. रात्री साडेआठला फ्री ३, सकाळी सहाला २.५, दुपारी एकला जेमतेम ०.२. टोटल आणि फ्रीमधला फरक ०.६ येतोय. पीएच ८.२, अल्कलिनिटी १८०. स्टॅबिलायझरच्या टेस्टमध्ये नळीच्या तळाला काळा ठिपका असतो ना, त्यात पाणी आणि औषध मिसळून वरून बघत बघत ओतायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा, तर आमची नळी काठापर्यंत भरली तरी ठिपका लख्ख दिसतोय. औषध खराब आहे का? दोनदा करून बघितलं.

पंपरूमवाला
औषध बरोबर आहे, उत्तर तिथेच आहे. ठिपका लख्ख दिसतोय म्हणजे स्टॅबिलायझर जवळपास शून्य. आणि रात्रीत फक्त अर्धा पीपीएम गेलाय म्हणजे शेवाळाने अजून फार जोर धरलेला नाही. तुमचं क्लोरीन ऊन खातंय.

कारण सांगतो. उन्हातली अल्ट्राव्हायोलेट किरणं मोकळं क्लोरीन फोडतात, कडक उन्हात तासाभराच्या आत अर्धं संपतं, मग उरलेल्याचं परत अर्धं, दुपारपर्यंत काय राहणार. सायन्युरिक अॅसिड पाण्यात असलं की ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं, मग तेच क्लोरीन दिवसभर पुरतं. तुमचा आधीचा माणूस टीसीसीए टाकायचा, त्या पावडरीतच सायन्युरिक असतं, म्हणजे कोणी मुद्दाम काही न करता पाण्यात ते साठत गेलं होतं. फेब्रुवारीत पूल रिकामा केला तेव्हा ते सगळं गटारात गेलं, आणि नवीन माणसाचं लिक्विड म्हणजे सोडियम हायपो, त्यात सायन्युरिक अजिबात नसतं. दोन्ही मेंटेनन्सवाल्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही, हायपो चांगलंच आहे, पण उघड्या पूलमध्ये नुसतं हायपो म्हणजे उन्हाला रोजचा नैवेद्य. डोस डबल केला असता तर एकच्या ऐवजी दोनला झिरो झालं असतं, एवढाच फरक.

दुसरं, पीएच ८.२. हे डोळ्यांचं एक कारण आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे एवढ्या पीएचला क्लोरीनचा जो भाग जंतू मारतो तो पाचवा हिस्सा सुद्धा उरत नाही. ७.५ ला साधारण निम्मा असतो, ७.२ ला दोन तृतीयांश. म्हणजे किटमध्ये ३ दिसतंय तेव्हाही काम करणारं क्लोरीन फार थोडं. वर पीएच जास्त असला की उन्हात अजून लवकर उडतं.

मांडवीकाठ_गोवा
पंपरूमवाल्यांशी शंभर टक्के सहमत, पण ताई उलट बाजू पण ऐकून ठेवा नाहीतर सगळे परत टीसीसीएवर जातील आणि दोन वर्षांनी इथेच दुसरा धागा निघेल. मी इकडे व्हिलांचे पूल बघतो, बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं नुसतं टीसीसीए टाकलेलं असतं. सायन्युरिक उडत नाही, उन्हाने जात नाही, फिल्टर त्याला अडवत नाही, ते फक्त साठतं. हिशोब बघा, टीसीसीएने १० पीपीएम क्लोरीन दिलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक येतं. तुमच्या ९० हजार लिटरला रोज ४०० ग्रॅम टाकलं तर रोज अडीच पीपीएमच्या आसपास, महिन्यात ७० च्या वर. मग ते १०० च्या पुढे गेलं की क्लोरीन इतकं घट्ट धरून ठेवतं की किट ३ दाखवतं आणि पाणी हिरवं होतं, मालक म्हणतो क्लोरीन आहे मग हिरवं कसं. त्यावर औषध नाही, अर्धं पाणी सोडून नवीन भरायचं, आणि मे महिन्यात टँकरचे भाव बघून मालकाचं तोंड बघवत नाही.

म्हणून ३० ते ४० वर थांबा. आणि क्लोरीन किती ठेवायचं ते पण त्यावरच ठरतं, सायन्युरिकच्या साधारण साडेसात टक्के कमीत कमी, म्हणजे ४० असेल तर ३ च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

बीविंग_पुणे
आता चित्र स्पष्ट झालं. मग कशाने सुरुवात करू? आणि सायन्युरिक वेगळं आणायचं का टीसीसीए थोडे दिवस वापरायचं?

पंपरूमवाला
क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या संध्याकाळी पीएच. हायड्रोक्लोरिक अॅसिड, ते ३०-३३ टक्क्यांचं, एक लिटर घ्या, बादलीत आधी पाणी आणि मग पाण्यात अॅसिड, उलट नाही. ग्लोव्हज, गॉगल, वाफ तोंडावर येईल असं वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं नाही. पंप चालू ठेवून खोल बाजूला कडेकडेने फिरत ओता, पूलमध्ये कोणी नको. चार तासांनी मोजा, लागलं तर अजून एक लिटर. तुमच्या अल्कलिनिटीला एकूण दोन लिटरच्या आसपास लागेल पण एकदम ओतू नका. त्या वेळी हायपो टाकायचं नाही, अॅसिड आणि हायपो एकत्र आलं तर क्लोरीनचा गॅस निघतो, पंपरूममध्ये माणूस बेशुद्ध पडू शकतो. दोन्हीचे कॅन शेजारी शेजारी ठेवले असतील तर आजच वेगळे करा.

दुसऱ्या दिवशी शिडीमागचं आणि पायऱ्यांचं बुळबुळीत ब्रशने खरवडून काढा, नुसतं क्लोरीन त्या थराच्या आत जात नाही. रात्री क्लोरीन ६ पर्यंत न्या. तुमच्या पूलला १ पीपीएम म्हणजे ९० ग्रॅम क्लोरीन, १० टक्क्यांच्या हायपोचं एक लिटरला थोडं कमी, म्हणजे शून्यापासून धरलं तर पाच-साडेपाच लिटर. ते ०.६ जे वापरून झालेलं क्लोरीन आहे, डोळ्यांना आणि नाकाला झोंबतं ते तेच, ते मोडायला त्याच्या दहापट लागतं. स्टॅबिलायझर नाहीये त्याचा इथे फायदा, क्लोरीन पूर्ण ताकदीने काम करेल. सकाळची बॅच बंद ठेवा, दुपारपर्यंत ऊन ते खाली आणेलच, ३ च्या खाली आलं की उघडा.

मग स्टॅबिलायझर. ३० पीपीएमला तुम्हाला २.७ किलो सायन्युरिक लागेल. जुन्या सुती कापडाच्या पिशवीत बांधून जिथून फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडासमोर लटकवा, अधूनमधून दाबा, पूर्ण विरघळायला काही दिवस लागतात, तोवर बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, करू नका. पण तुमची अल्कलिनिटी बघता मी तुमच्या जागी असतो तर टीसीसीएच वापरलं असतं, कारण ते आंबट असतं, चढा पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही आपोआप खाली आणतं. पाच किलो टीसीसीए हळूहळू गेलं की ३० पीपीएम सायन्युरिक पाण्यात आलं. रोज २५० ग्रॅम धरा, त्याने अडीच पीपीएम क्लोरीन मिळतं. पहिले काही दिवस दुपारी अजून कमी पडेल, तेव्हा संध्याकाळच्या बॅचआधी पाणी तपासून थोडं हायपो वरून द्यावं लागेल. पाच किलो संपलं की बंद, परत हायपोवर. आणि हायपोच्या डोसरमध्ये, म्हणजे क्लोरीन सोडणाऱ्या मशीनमध्ये, टीसीसीए टाकायचं नाही, त्याला वेगळा फ्लोटर, म्हणजे तरंगणारा डबा.

कर्जत_फार्म
मध्येच घुसतोय सॉरी. आमच्या फार्महाउसचा पूल बोअरने भरला, क्लोरीन टाकल्याबरोबर पाणी तपकिरी झालं. हा पण पीएचचाच प्रकार का?

मांडवीकाठ_गोवा
नाही भाऊ, ते लोखंड आहे. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं असतं तेव्हा दिसत नाही, क्लोरीन लागलं की गंज होऊन बाहेर येतं. घाबरू नका, त्यात शेवाळ नाही. तुरटी देऊन पाण्यात मिसळली की पंप बंद करून रात्रभर बसू द्या, सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने सरळ बाहेर काढा, फिल्टरमधून फिरवू नका नाहीतर परत पूलमध्ये येईल. पुढच्या वेळी भरताना बोअरचं पाणी आधी बादलीत घेऊन थोडं क्लोरीन टाकून बघायचं.

बीविंग_पुणे
सगळ्यांना अपडेट. अॅसिड दोन टप्प्यांत गेलं, पीएच ७.५. पायऱ्या घासल्या, शिडी काढून तिचे पाय पण घासले, तिथे हिरवा थर होता जो वरून कधीच दिसला नव्हता. टीसीसीए ठरल्याप्रमाणे चालू केलं. ते संपल्यावर ठिपका साधारण ३० ला दिसेनासा होतोय, आणि दुपारी एकला फ्री क्लोरीन २.४ आलं! फ्री-टोटलचा फरक ०.२. मेंटेनन्सवाल्याला सगळे आकडे लिहून दाखवले, तो पण आता रजिस्टरमध्ये दिवसातून तीन वेळा लिहितो. हायपो आता रोज दोन-अडीच लिटरमध्ये भागतंय. एक विचारायचंय, कॅन आम्ही टेरेसवर ठेवतो, चालेल ना?

पंपरूमवाला
छान काम केलंत ताई. टेरेसवर अजिबात नको, उन्हाने हायपोची ताकद भराभर उतरते, १० टक्के म्हणून घेतलेलं मेमध्ये निम्म्यावर येऊ शकतं आणि मग तुमचा डोसचा हिशोब चुकतो. सावलीत, हवेशीर जागी, आणि एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच मागवा. पाऊस सुरू झाला की पूल ओव्हरफ्लो होऊन स्टॅबिलायझर पातळ होत जाईल, जुलैच्या मध्याला ठिपक्याची टेस्ट परत करा, २० च्या खाली दिसलं तर किलोभर सायन्युरिक पिशवीत.