भावाचा स्किझोफ्रेनिया दुसऱ्यांदा उलटला, आबांना कसं सांगू? मदत हवी आहे

नमस्कार. मी नांदेडला असते, माहेर सेलूकडचं खेडं. धाकट्या भावाला (वय २९) सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. यंदा पोळ्याच्या आठवड्यात त्याला पुन्हा ॲडमिट करावं लागलं. सगळे म्हणाले, गोळ्या बंद केल्या असतील. तसं नव्हतं. माय रोज समोर उभी राहून गोळी देते, वर तोंड उघडून बघते.

डॉक्टरांनी मात्र घरात कोण कसं बोलतं ते खोदून खोदून विचारलं. पेरणीपासून तो आणि आबा (आमचे वडील) दिवसभर एकाच वावरात, रात्री एकाच ओसरीवर. गोळीनं सुस्ती येते, उठायला उशीर होतो, की आबांचं सुरू: "नुसतं बसून खायलाय. तुझ्या वयाच्या पोरायला दोन-दोन लेकरं झाली." मायचं उलटं. त्याला एकट्याला पारापर्यंत जाऊ देत नाही, रात्री तीनदा उठून बघते. डॉक्टर म्हणाले, या अति जपण्याचाही ताण येतो. हे मायला पटवणं आबांपेक्षा अवघड जाणार!

लंडनमधल्या १९७६च्या एका अभ्यासाबद्दलही ते बोलले. असं टोचून बोलणं किंवा अति जपणं असलेल्या घरात जे रुग्ण घरच्यांसोबत आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर राहायचे, त्यांचा आजार जास्त उलटला. गोळ्या चालू आणि सहवास कमी, तिथं धोका बराच कमी. आमच्याकडे सोयाबीनच्या दिवसांत ३५ तास तीन दिवसांतच भरतात.

आबा वाईट नाहीत हो. पहिल्या वेळी म्हैस विकून उपचार केले त्यांनी. "तुमच्या बोलण्यानं झालं" म्हटलं तर खचतील. आणि आजार काही बोलण्यामुळं लागलेला नाही.

परभणी-नांदेड-संभाजीनगर भागात कुणी घरच्यांना समुपदेशनाला नेलंय का? तयार कसं केलं? १४४१६ या टेली-मानस (मानसिक आरोग्य) हेल्पलाइनवर मी बोलले, पण आबा परक्याशी फोनवर बोलायला राजी नाहीत. त्यात आत्याचं टुमणं: लग्न लावून द्या, सुधरंल. तिला काय उत्तर द्यावं?

शिवाय, त्याला सुगीपुरतं माझ्याकडे आणू का? दोनच खोल्या आहेत, सासूबाई आहेत, आणि "लेकीच्या दारात पोरगा ठेवला" हे आबांना झेपणार नाही. पण काल त्यानंच फोनवर विचारलं, ताई, तुमच्याकडं मोटारी भरायचं (जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचं) दुकान जवळ आहे का. आजाराआधी तो तेच काम करायचा.

कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.